विजोड

गुरुवारी पैसे येतात खात्यावर,
म्हणून गुरुवारी टाकी पूर्ण भरायची,
दोन घोंगड्या जास्तीच्या, एक बादली, थर्मासभर गोड चहा.
टॅलोरात पोलिसांची गाडी वेगळी, आमची वेगळी.
आमच्या गाडीला मागे जाळी नाही.

नोरीनमावशी पुढे बसते, मांडीवर टॉर्च.
सत्तरी उलटली, गुडघे बोलतात,
पण कोरड्या नदीतल्या झाडाखाली कोण पडलंय
हे ती खोकल्यावरून सांगते.
"क्लॅरी आहे. हळू घे. डोळ्यांवर उजेड नको मारू."
टॉर्च जमिनीकडे धरून ती चालत जाते,
आधी त्याच्या पावलांशी बोलायचं असल्यासारखी.
वाइनच्या खोक्यातली चंदेरी पिशवी
फुगवून उशाला घेतलेली असते त्यानं.
ती हिसकावत नाही मावशी.
म्हणते, "चल घरी. तिथं खरी उशी आहे."

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो:
सहा वर्षांपूर्वी मलाही असंच उचललंय.
मधली सीट, डावीकडची.
तिथलं रेक्झिन मी फाडलं होतं.
आता चावी माझ्या हातात आहे
आणि ते अजून शिवलेलं नाही.

माणसं उतरतात, चपला राहतात.
एकच. नेहमी एकच.
फेकायचं मन होईना मावशीला,
केळ्यांच्या खोक्यात टाकत गेलो.

मार्चमध्ये सभा भरली.
प्रश्न एवढाच: दारूचं दुकान
सकाळी दहाला उघडायचं की दुपारी दोनला?
रेल्वे हॉटेलचा केल्व्हिन कागद घेऊन आला होता.
वाईट माणूस नाही, पोरांना फुटबॉलच्या जर्सी तोच देतो.
म्हणाला, "पिणारा पितोच. चार तासांनी काय होतंय?"
नर्स अँथिया उठली,
रविवारी किती टाके घातले ते सांगू लागली,
आवाज चिरकला, बसली.

मावशीनं मला खूण केली.
मी खोकं टेबलावर उपडं केलं.

लाल धूळ, केल्व्हिनच्या कागदांवरसुद्धा.
रबरी चपला, निळ्या, झिजलेल्या.
खाणकामगाराचा जड बूट, नाडीची गाठ तशीच.
टाच तुटलेली एक सोनेरी सँडल
(ती पाहून केल्व्हिनच्या बायकोनं मान खाली घातली,
निदान मला तसं वाटलं, शपथ घेणार नाही).
आणि एक पिवळा गमबूट, वीतभर.

"तो माझा!"
आजीच्या मांडीवरून घसरून टायरिस धावत आला,
बक्षिसाला नाव पुकारल्यासारखा.
तिथंच बसून पाय घालू लागला.
बोटांपुढे जाईना.
"लहान झाला," म्हणाला,
कुणा एकाला नाही, सगळ्या हॉलला.
वर पंखे फिरत होते.
कुणी हसायला सुरुवात केली आणि मध्येच सोडली.

दोन वाजता उघडायचं ठरलं.
सहा महिने. मग बघू.

काही जण आता दीडशे किलोमीटर गाडी हाकतात,
पलीकडच्या गावातून आणतात, दुप्पट भावानं विकतात.
क्लॅरी अजून झाडाखाली.
पण अँथिया एका रविवारी मासे धरायला गेली,
एकही मिळाला नाही म्हणून सगळ्यांना सांगत फिरली.
मावशी जिंकलो म्हणत नाही.
वहीत रेघा मोजते, चष्मा कपाळावर सरकवते,
"या गुरुवारी कमी," म्हणते,
आणि पुढच्या गुरुवारी काहीच म्हणत नाही.

काल सकाळी बस धूत होतो.
रेमंड आला. दाढी केलेली, हनुवटीवर कापलेलं.
"तो बूट आहे का अजून?"
खोकं पुढे केलं.
त्यानं तळापर्यंत हात घातला, न बघता ओळखला.
"दुसरा ठेवलाय मी," म्हणाला, "दाराशीच."
चहा विचारला, नको म्हणाला.
बूट काखेत मारून गेला,
धूळसुद्धा न झटकता.